‘वहिनी, गाडीले पाच स्टार हायेत!’

ताई, नमस्कार.

मी दारव्हा तालुक्यातल्या एका गावातून लिहिते आहे. दिवाळीनंतर माझ्या धाकट्या दिरांनी मोठी गाडी घेतली. आमच्या घरातली ही पहिलीच चारचाकी. थोडे पैसे सोयाबीनचे, बाकी कर्ज. गाडी यायच्या आधी कितीतरी दिवस ते आम्हा सगळ्यांना मोबाइलवर तिची जाहिरात दाखवायचे. गाडी घाटातून वळणं घेत सुसाट जाते, धूळ उडते, नदीतून पाणी फाडत निघते. आता तशीच चालवतात. यवतमाळ आमच्याकडून चाळीसेक किलोमीटर. ‘अर्ध्या तासात पोहोचलो’ असं माझे मिस्टर आल्यागेल्याला कौतुकाने सांगतात. ऐंशीच्या वर गेली की गाडी टिकटिक वाजते, ती बंद कशी करायची ते भाऊजी यूट्यूबवर शोधत होते. माझ्या चार वर्षांच्या मुलीला सनरूफमधून उभी करून रील काढलं. मी हळू घ्या म्हटलं की म्हणतात, ‘वहिनी, तुम्ही उगीच भेता. गाडीले पाच स्टार हायेत!’

अशा जाहिरातींवर कोणाचं बंधन नसतं का? आणि घरात वाकडं न येता मी हे कसं थांबवू?

— एक वहिनी

*

सनरूफचं आधी. बाकीचं सगळं वेळ बघून, गोडीगुलाबीने करता येईल. हे मात्र आजच्या आज बंद. लेक सनरूफमधून उभी असताना ब्रेक दाबला तर गाडी थांबते, लेक थांबत नाही. तिची छाती छताच्या कडेवर आदळते, नाहीतर ती बाहेर फेकली जाते. त्याला ऐंशीचा वेगही लागत नाही, गतिरोधक उशिरा दिसला की चाळीसचा पुरतो. हे कोणाला विचारून ठरवायची गरज नाही, तुम्ही आई आहात. चौदा वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा मुलांची खास सीट न लावता नेलं तर मोटार वाहन कायद्यात १,००० रुपये दंड आहे. तुमच्या रस्त्यावर तो करायला कोणी उभं नसतं हे मलाही ठाऊक आहे, तरी आकडा सांगून ठेवते, घरात बोलताना उपयोगी पडतो. मुलांची सीट ऑनलाइन मिळते आणि ज्या घरात एवढी गाडी आली त्या घराला ती जड नाही. मांडीवर घेऊन पुढे बसणं हा तिला पर्याय धरू नका, धडकेत पोर हातात राहत नाही.

आता पाच स्टार. भाऊजी खोटं बोलत नाहीयेत आणि तुम्हीही तसं सुचवू नका. सुचवलंत की भांडण गाडीच्या चांगलेपणावर जाईल आणि तिथे तुम्ही हराल. स्टार खरेच आहेत. ते कुठल्या वेगाला मिळाले, एवढंच विचारा. भारत एनकॅप ही गाडी आदळवून तिला सुरक्षिततेचे स्टार देणारी आपल्याकडची चाचणी १ ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झाली. तिच्यात गाडी समोरून आदळवतात तेव्हा वेग असतो ताशी ६४ किलोमीटर. बाजूच्या धडकेची चाचणी त्याहून कमी, ५० ला. धडकेचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणून १०० च्या वेगात तो ६४ च्या जवळजवळ अडीचपट भरतो. त्या अडीचपटीला किती स्टार, हे त्या चाचणीत कोणी बघितलेलं नाही. शिवाय चाचणीतले पुतळे पट्टा बांधलेले असतात, आणि मागे जे मुलांचे पुतळे ठेवतात ते मुलांच्या सीटमध्ये आवळून बसवलेले असतात. सनरूफमधून उभा पुतळा कोणत्याच चाचणीत नसतो. भाऊजींना हे त्यांच्याच मोबाइलवर शोधू द्या. चाचण्यांचे व्हिडिओ आहेत, बघायलाही रंगतदार आहेत.

त्या टिकटिकीचंही तसंच. ती कंपनीने हौसेने बसवलेली नाही. १ जुलै २०१९ नंतर बनलेल्या प्रत्येक नव्या कारला ती सक्तीची आहे. ऐंशीच्या पुढे थांबून थांबून वाजते, एकशेवीसच्या पुढे अखंड. मी पाहिलेल्या एकाही जाहिरातीत ती ऐकू आलेली नाही. गाडी वाऱ्यासारखी जाते तेव्हा ढोल असतात, गिटार असते, इंजिनाची गुरगुर असते. कारखान्यात तीच कंपनी घंटा बसवते, आणि जाहिरात करताना तीच ती गाळते. विकायचं काय आणि कायद्याने द्यायचं काय, हे इतकं उघडं दुसरीकडे कुठे दिसत नाही.

जाहिरात बनते कशी, तेही भाऊजींना सांगण्यासारखं आहे, कारण गाडीवेड्या माणसाला त्यात खरोखर रस वाटतो. रस्ता परवानगी काढून बंद केलेला असतो. चालवणारा त्याच कामात मुरलेला असतो. शेजारून दुसरी गाडी धावते, तिच्यावर लांब दांड्याला कॅमेरा असतो आणि तो रस्त्याच्या जवळ, खाली नेतात. जमीन जितकी जवळ आणि भिंग जितकं रुंद, तितका वेग जास्त भासतो. बेताच्या वेगाने चाललेली गाडीही सुसाट वाटते. कधी चित्रीकरण थोड्या संथ गतीने करून दाखवताना नेहमीच्या गतीने दाखवतात. आवाज नंतर चढवतात. रात्रीच्या दृश्यात रस्ता चमकावा म्हणून त्यावर टँकरने पाणी मारतात.

ओला रस्ता! आपल्याकडे ओला रस्ता म्हणजे शेतातून निघालेल्या ट्रॅक्टरने चाकांना चिकटवून डांबरावर आणलेली काळी माती. तिच्यावर दोन थेंब पडले की साबण. साइडपट्टीही त्याच मातीची, पावसाळ्यात चाक खाली उतरलं की गाडी ओढली जाते. आणि कोरड्या दिवसांतही त्या मातीवरचा रस्ता सरळ राहत नाही. माती पाण्याने फुगते, उन्हाने आकसते, वरचं डांबर लाटांसारखं होतं. नोव्हेंबर-डिसेंबरातली संध्याकाळ डोळ्यांसमोर आणा. कापूस भरलेली ट्रॉली चाललेली, मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर कापसाच्या गाठोड्याखाली झाकला गेलेला. वेचणी करून परतणाऱ्या बाया रस्त्याच्या कडेने एका रांगेत. कुठे अर्ध्या रस्त्यावर धान्य वाळत घातलेलं, त्याला दगड लावलेले, आणि धान्य उचललं तरी दगड तिथेच. तुरीतून एक रोही, म्हणजे नीलगाय, उडी मारून येतो आणि त्याच्या मागे कळप असतो, हे नवख्या चालकाला ठाऊक नसतं. रानडुकरांचं तर विचारूच नका. यातलं काहीही जाहिरातीत दिसणार नाही. तिथला रस्ता रिकामा करूनच कॅमेरा सुरू केलेला असतो.

एक हिशेब देते, तो कागदावर मांडून भाऊजींच्या हातात द्या. समोर ट्रॉली दिसली, मेंदूला कळलं, पाय ब्रेकवर गेला, यात दीड सेकंद धरा. ऐंशीच्या वेगात तेवढ्यात गाडी ३३ मीटर गेलेली असते. मग चांगल्या कोरड्या रस्त्यावर ब्रेक लागून थांबायला आणखी ३६ मीटर. म्हणजे सत्तरेक मीटरवर गाडी उभी राहिली, ट्रॉली वाचली. आता तीच गाडी, तोच चालक, वेग शंभर. त्यालाही ट्रॉली त्याच ठिकाणी दिसते, तोही दीड सेकंदानेच ब्रेक मारतो. सत्तर मीटरवरच्या ट्रॉलीपाशी पोहोचेल तेव्हा त्याचा वेग असेल ताशी सत्तरच्या आसपास. वीसच किलोमीटर जास्त होते, आणि एक गाडी ट्रॉलीमागे थांबली तर दुसरी सत्तरने आत घुसली, म्हणजे पाच स्टारवाल्या चाचणीहूनही जोरात. त्यात डिपरवर दिव्याचा उजेड पुरता सत्तर मीटरही पडत नाही.

तुम्ही विचारलंय, बंधन नसतं का. असतं. भारतीय जाहिरात मानक परिषद, म्हणजे एएससीआय, ही १९८५ पासून जाहिरातींवर लक्ष ठेवणारी संस्था. ती सरकारी नाही, जाहिरात व्यवसायानेच उभी केलेली आहे. वाहनांच्या जाहिरातींसाठी तिचे वेगळे नियम आहेत: वाहतुकीचा नियम मोडताना दाखवायचं नाही, वेग आणि वळवण्याची चपळाई अशा तऱ्हेने दाखवायची नाही की बेदरकार चालवायला चेव यावा, आणि कसलेल्या चालकालाच जमतील असे कसरतीचे प्रकार नेहमीच्या रहदारीत दाखवायचे नाहीत, दाखवले तर वाचता येईल अशी सूचना हवी. ती ‘वाचता येईल अशी’ सूचना तुमच्या भाऊजींच्या मोबाइलवर वाचून दाखवायला सांगा एकदा. केबल टीव्हीच्या सरकारी नियमांतही या संस्थेची संहिता मोडणारी जाहिरात दाखवू नये असं आहे. म्हणजे कागदावर बंधन बरंच आहे. ब्रिटनमध्ये नियम याहून थेट आहे, जाहिरातीचा मुख्य मुद्दा वेग असताच कामा नये. आपला नियम ‘चेव येईल अशा तऱ्हेने’ या शब्दांवर सगळं सोडतो, आणि चेव कशाला म्हणायचं यावर कंपनीचे लोक दिवसभर वाद घालू शकतात. माझ्या मते ब्रिटनचं बरोबर आहे.

रीलचं काय? भाऊजींनी स्वतः काढलेलं रील जाहिरात नाही. पण गाडी उडवत नेऊन ‘काय पिकअप आहे मित्रांनो’ म्हणणारे जे नामांकित लोक असतात, त्यांनी कंपनीकडून पैसे किंवा गाडी घेतली असेल तर ती जाहिरात असल्याचं ठळक लिहिणं त्यांना या संस्थेच्या २०२१ च्या नियमांप्रमाणे बंधनकारक आहे. किती जण लिहितात, ते तुम्हीच बघा.

आता माझं खरं म्हणणं. जाहिरात बघून माणूस ॲक्सिलरेटर दाबतो, इतकं ते सरळ नसतं. ज्याच्यात आधीच खुमखुमी आहे त्याला ती सांगते की असं चालवणं म्हणजे चांगलं चालवणं. आणि ती हे एकटी करत नाही. तिचं उरलेलं काम घरचे करतात. ‘अर्ध्या तासात यवतमाळ’ हे वाक्य कोणत्याही कंपनीने लिहिलेलं नाही, ते तुमच्या मिस्टरांचं आहे. चाळीस किलोमीटर अर्ध्या तासात म्हणजे सरासरी ऐंशी, आणि मधली गावं, गतिरोधक, म्हशी धरल्या तर मोकळ्या पट्ट्यात शंभराच्या वरच. साठच्या सरासरीने गेलं असतं तर दहा मिनिटं जास्त लागली असती. ती वाचलेली दहा मिनिटं यवतमाळात बहुधा चहाच्या टपरीवर जातात. याच दारव्ह्यातून एकेकाळी शकुंतला ही छोट्या रुळांवरची आगगाडी जायची आणि तिच्या प्रवाशांना मिनिटांचा हिशेब करण्याची सोयच नव्हती. तेव्हाही कामं होत होतीच.

भाऊजींना भीती का वाटत नाही, याचंही कारण समजून घ्या म्हणजे त्यांचा राग येणार नाही. उंच गाडीत डोळे जमिनीपासून वर असतात, त्यामुळे रस्ता हळू सरकल्यासारखा दिसतो. काच बंद, एसी सुरू, आवाज आत येत नाही, त्यानेही वेग कमीच भासतो. साध्या मोटारसायकलवर ज्याला साठला वारा झोंबायचा त्याला इथे नव्वद साठसारखे वाटतात. समृद्धी महामार्गावरून ते आले असतील तर आणखीच. तासभर एकशेवीसने चालवलं की डोळे त्या वेगाला सरावतात आणि खाली उतरल्यावर ऐंशी म्हणजे रांगणं वाटतं. ‘समृद्धीवर तर एकशेवीस चालते’ हा मुद्दा ते काढतीलच. चालते, कारण तिथे बैलगाडी नाही, दुचाकी नाही, समोरून कोणी येत नाही, दोन्ही बाजूंना कुंपण आहे. तरीही १ जुलै २०२३ ला सिंदखेडराजाजवळ त्याच महामार्गावर खासगी बस उलटून पेटली आणि २५ माणसं गेली.

तुमच्या भागात शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यती, होतात, म्हणून एक सांगते. पटावर जोडी सेकंदांच्या हिशेबाने सुटते आणि सगळा गाव टाळ्या वाजवतो. पण तीच जोडी पट संपल्यावर घरी नेताना कोणी आठवडी बाजारातून उधळत नेत नाही, नेली तर लोक त्याला काठीने झोडतील. जाहिरात म्हणजे पट आहे. लोकांना बाजूला उभं करून, मधली वाट मोकळी ठेवून केलेला. हे भाऊजींना तुमच्या सासऱ्यांकडून ऐकवलंत तर जास्त लागेल. तुम्ही सांगितलंत तर चेष्टा होईल.

मग तुम्ही काय करायचं? गाडी चालू असताना काही बोलू नका. धावत्या गाडीत ‘हळू’ म्हटलं की चालवणाऱ्याला तो चारचौघांत अपमान वाटतो आणि पाय आणखी खाली जातो. आधी मिस्टरांशी बोला, रात्री, दोघंच असताना. भाऊ त्यांचा आणि लेकही त्यांची. त्यांना एवढंच सांगा की अर्ध्या तासाचं कौतुक पाहुण्यांसमोर थांबवा. शिव्या नकोत, रागावणं नको, फक्त ते कौतुक नको. तुम्हाला वाटतं त्यापेक्षा याचा परिणाम मोठा होईल. घरात वाहवा मिळेनाशी झाली की वेगातली निम्मी मजा जाते.

भाऊजींशी बोलायचं ते गाडी उभी असताना, जमलं तर गाडी धुवायची चालली असेल तेव्हा. दीर-वहिनीच्या नात्यात थट्टेची जागा आहे, तिचा उपयोग करा. त्यांच्या चालवण्यावर बोलू नका, स्वतःबद्दल बोला: ‘भाऊजी, तुमचा हात चांगला आहे, पण मागे माझा जीव गोळा होतो. मी आणि पोरगी बसलो की काटा साठच्या खाली, नाहीतर आम्ही एसटीने येतो.’ आणि एकदा खरंच एसटीने या. दारात नवी गाडी असताना वहिनी लेकीला घेऊन फाट्यावर उभी आहे, हे गावाने पाहिलं की घरात कोणाला वेगळं सांगावं लागत नाही. वाकडं येईल का? दोन दिवस येईल. सासूबाई आधी तुमच्या बाजूने असतील तर तेही येणार नाही. त्यांच्या मणक्याला धक्के बसतच असतील, त्यांना विचारून बघा.

जाहिरातींत एक गोष्ट बघा. गाडी सुसाट असते तेव्हा मागच्या सीटवर बहुधा कोणी नसतं. कुटुंब दाखवायचं असलं की तीच गाडी संथ चालते, आजी हसते, पोरं गाणी म्हणतात. कंपनीलाही माहीत आहे की या दोन गोष्टी एका चौकटीत विकल्या जात नाहीत. भाऊजींची गाडी कायम भरलेली असते.

त्यांची हौस मारू नका, तिला दुसरं काम द्या. गावात कोणीतरी निवृत्त एसटी ड्रायव्हर असेलच. विनाअपघात सेवेचा बिल्ला एसटीत उगीच मिळत नाही. त्यांना एकदा शेजारी बसवून यवतमाळला नेऊन आणायला सांगा, निमित्त काहीही काढा. रात्री समोरच्या गाडीचा अप्पर डोळ्यांत आला की नजर कुठे ठेवायची, ट्रॉलीच्या मागे किती अंतर धरायचं, ओव्हरटेक कुठे सोडून द्यायचा, हे ते म्हातारे बोलता बोलता शिकवून जातात. आणि रात्रीबेरात्री बाळंतिणीला न्यायचं तर गाव कोणाची गाडी बोलावतं? पोटात पाणी हलू न देता नेणाऱ्याची. हा मान मिळायला लागला की बघा.

गाडीच्या विम्याचा कागदही त्यांना एकदा वाचायला लावा. शर्यत आणि वेगाची चाचणी यांसाठी गाडी वापरली तर विमा लागू नाही, असं त्यावर छापलेलं असतं. कर्जाचे हप्ते चालू असताना या ओळीचं वजन कळतं.

राहिली तक्रार. ती जरूर करा. एएससीआयच्या वेबसाइटवर किंवा त्यांच्या व्हॉट्सॲपवर करता येते, पैसे लागत नाहीत. कोणत्या गाडीची जाहिरात, कुठे आणि कधी पाहिली, आणि तिच्यातलं नेमकं काय खटकलं, एवढं लिहायचं. ‘फार वेगात दाखवतात’ असं मोघम नको. ‘वळणावर ओव्हरटेक करताना दाखवलं आहे’, ‘सूचना मोबाइलवर वाचता येत नाही’, असं लिहा. जाहिरातीची लिंक किंवा स्क्रीनशॉट जोडा. आणि हे काम भाऊजींनाच सांगा. ‘मला त्या वेबसाइटवरचं काही समजत नाही, तुम्ही भरून द्या’ म्हणा. तक्रार लिहायची तर त्यांना ती जाहिरात चार वेळा थांबवून थांबवून पाहावी लागेल आणि ते तीन नियम वाचावे लागतील. नाही म्हणाले तर मला कळवा, तुमच्या वतीने मी भरते.